ताणलेली दोरी आणि सैल दोरी

भूमिती ज्या रीतीने आमच्या शाळा-महाविद्यालयांतून शिकविली जाते ती पाहता, हे शास्त्र घरे बांधण्याच्या खटपटीतून जन्मास आले असेल अशी शंकाही विद्यार्थ्याच्या मनास शिवत नाही. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता ह्या चार पायऱ्या चढून तो परीक्षेच्या गच्चीवर पोहोचतो, आणि एकदा खाली उतरला म्हणजे त्या जिन्याकडे पुन्हा फिरकत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्यास २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणत, आम्ही कित्येक वर्षे गणिताचे अध्यापन करीत आहो. पायथागोरसचा सिद्धान्त धडाधड सिद्ध करून दाखविणाऱ्या मुलास ‘गावच्या वेशीची कमान पडत का नाही?’ असे विचारले, म्हणजे गणिताच्या तासाला भलताच प्रश्न निघाल्याप्रमाणे तो आमच्याकडे पाहू लागतो. ह्यात त्याचा दोष नाही. भूमिती आणि भिंत ह्यांचे काही नाते आहे, हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते.

उलटपक्षी, ज्यांचा भिंतीशी नित्य संबंध येतो त्या वास्तुविशारदांमध्ये सांप्रत भूमितीचे प्रस्थ फार वाढले आहे. नव्या धर्तीच्या, प्रयोगशील म्हणविणाऱ्या इमारतींची चित्रे पाहावीत, तर कोठे छप्पर लाटेसारखे उसळलेले, कोठे भिंती पिळलेल्या, तर कोठे सारी इमारत वाऱ्याने फुगलेल्या वस्त्रासारखी दिसते. पाहणारा थक्क होतो. परंतु ह्या आकारांचे त्या इमारतीत नेमके काम काय, असे विचारणारा विरळा. हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. आमच्याच जिल्ह्यात, कोपरगावी, त्याचे एक उत्तर विटांत बांधून ठेवलेले आहे. तेथे पोहोचण्यापूर्वी मात्र एका साध्या वस्तूचा विचार करणे अवश्य आहे. ती वस्तू म्हणजे दोरी.

आपल्याकडील भूमितीचे सर्वांत जुने ग्रंथ शुल्बसूत्रे ह्या नावाने ओळखले जातात, आणि शुल्ब म्हणजे दोरी. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील हे ग्रंथ यज्ञवेदी रचणाऱ्यांसाठी आहेत. श्येनाच्या आकाराची चिती रचावयाची, तर पाच थर, प्रत्येक थरात दोनशे विटा, मिळून एक हजार. आणि आकार कोणताही घेतला तरी क्षेत्रफळ ठरल्याप्रमाणे यावे, असा तो खटाटोप. ह्यावरून ‘सर्व काही आमच्याकडे पूर्वीच होते’ अशी द्वाही फिरविण्याची आमची इच्छा नाही. सांगावयाचे ते एवढेच, की आपली भूमिती आरंभी दोरी आणि वीट ह्यांच्या संगतीत वाढली. दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणली की सरळ रेषा मिळते. एक टोक सोडवून ते दुसऱ्याभोवती फिरविले की वर्तुळ मिळते. सरळ रेषा आणि वर्तुळ ह्या दोहोंवर युक्लिडचा सारा डोलारा उभा आहे. ह्या भूमितीस आम्ही ताणलेल्या दोरीची भूमिती म्हणतो.

तिची उत्तम उदाहरणे पाहण्यास नगरकरांस गाव सोडावे लागत नाही. निजामशाहीच्या कारागिरांस अष्टकोनाचे विलक्षण प्रेम होते. १५८३ साली पूर्ण झालेला फराहबाग हा अष्टकोनी महाल एके काळी तलावाच्या मधोमध उभा होता. शहा डोंगरावरील ज्या मनोऱ्यास लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, ती वस्तुतः मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान ह्याची कबर. तीही अष्टकोनी आणि तीन मजली. चौरसावर दुसरा चौरस पंचेचाळीस अंशांनी फिरवून ठेवला, की आठ टोकांचा तारा होतो आणि त्याच्या पोटात अष्टकोन आपोआप निपजतो. विजापूरच्या गोलघुमटात ह्याच युक्तीने फार मोठे काम साधले आहे. तेथे चौकोनी दालनाच्या चार भिंतींवरून एकमेकींस छेदणाऱ्या कमानी अशा उभ्या केल्या आहेत, की चौकोनावर गोल बसविण्याची अडचण दूर होऊन सुमारे १२४ फूट व्यासाचा घुमट त्यांवर विसावतो. १६५६ च्या सुमाराची ही करामत. आणि ती दोरी, खुंटी व गुण्या ह्यांच्याच बळावर झालेली.

परंतु ताणलेल्या दोरीची एक मर्यादा आहे. तिने आकार आधी ठरतो, आणि दगडाने तो आकार मुकाट्याने धारण करावा अशी अपेक्षा असते. अर्धवर्तुळाची कमान डोळ्यांस कितीही गोड दिसली, तरी तिच्यातून भार खाली ज्या वाटेने उतरू पाहतो ती वाट अर्धवर्तुळाची नसते. म्हणून जुने कारागीर भिंती हातभर नव्हे, पुरुषभर जाड करीत. म्हणजे भाराने कोणतीही वाट धरली तरी ती दगडाच्या आतच राहावी. ह्या जाडीचा अर्धाअधिक खर्च आकार आणि भार ह्यांच्या मतभेदापायी होतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

भाराची खरी वाट कोणती, हे दाखविते ती सैल सोडलेली दोरी. साखळीची दोन टोके दोन हातांत धरून ती मध्ये लोंबू द्यावी. तिने घेतलेला आकार आपण ठरविलेला नसतो. वजनाने तो शोधून काढलेला असतो. साखळीस दाब सोसत नाही, ताण मात्र सोसतो. म्हणून तिची प्रत्येक कडी केवळ ताणाच्या दिशेने उभी राहते. आता हीच आकृती उलटी केली, तर जेथे ताण होता तेथे नेमका तेवढाच दाब येतो. विटेचा आणि दगडाचा स्वभाव साखळीच्या अगदी उलट आहे. त्यांस दाब हवा तेवढा द्यावा, ताण मात्र ती तिळमात्र सोसत नाहीत. लगेच तडा जातो. तेव्हा उलट्या साखळीच्या आकाराची कमान पातळ असली तरी उभी राहते. ही गोष्ट रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७५ साली अक्षरे उलटीसुलटी करून कोड्याच्या रूपाने छापली, आणि तिचा उलगडा त्याच्या मरणोत्तर, १७०५ साली, प्रसिद्ध झाला. ह्या वक्ररेषेचे गणित १६९१ साली हायगेन्स, लायब्निट्स व योहान बेर्नुली ह्या तिघांनी निरनिराळ्या मार्गांनी सोडविले. आमच्या पदवीच्या वर्गात ते आजही शिकविले जाते. मात्र त्यातील साखळी उलटी करून तिच्याखाली कोणी राहू शकेल, ही गोष्ट बहुधा सांगावयाची राहून जाते.

ह्या सैल दोरीवर पुढे ज्यांनी जीव लावला त्यांत स्पेनमधील अंतोनी गौदी अग्रगण्य होय. बार्सिलोनाजवळच्या एका देवळासाठी त्याने छतास दोरे टांगून, त्यांना शिशाच्या गोळ्यांच्या लहान पिशव्या अडकवून, इमारतीचा उलटा नमुना तयार केला, आणि त्यात सुमारे दहा वर्षे घालविली. त्या देवळाचे तळघर तेवढे उभे राहिले; परंतु त्यातील तिरप्या खांबांकडे पाहिले म्हणजे ते भाराची वाट ओळखून तिच्यात उभे आहेत हे तेव्हाच ध्यानी येते. त्याच देशातून १८८१ साली अमेरिकेस गेलेल्या राफाएल गुआस्ताविनोने कातालोनियातील गवंड्यांची एक जुनी विद्या बरोबर नेली. पातळ विटांच्या फरशा आडव्या ठेवून, लवकर घट्ट होणाऱ्या चुन्यामातीने एकीस एक चिकटवीत, थरावर थर चढवून छत करावयाचे, अशी ती विद्या. न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर ज्या दालनात परदेशांतून आलेल्या माणसांची नोंद होई, त्याचे छत गुआस्ताविनोच्या मंडळीने १९१८ साली ह्या रीतीने बांधले. सुमारे सत्तर वर्षांनी त्याची दुरुस्ती निघाली तेव्हा अठ्ठावीस हजारांहून अधिक फरशांपैकी अवघ्या १७ बदलाव्या लागल्या. पुढे उरुग्वेसारख्या लहानशा देशात एलादियो दिएस्ते ह्या अभियंत्याने साध्या विटांनी गोदामे, बाजार व देवळे झाकली. त्याचे आत्लांतिदा येथील १९६० चे देऊळ पाहून, वीट ही गरिबाची वस्तू आहे असे म्हणण्यास जीभ धजणार नाही.

येथे संगणक येतो, आणि कथेस वळण लागते. संगणकास दोरीच लागत नाही. ताणलेलीही नाही आणि सैलही नाही. पडद्यावर कोणतीही वक्रता काढता येते, ती हवी तशी ओढता येते, आणि तिचे तुकडे कारखान्यात पाडून आणता येतात. बिल्बाओचे १९९७ चे गुगेनहाइम संग्रहालय विमाने रेखाटण्याच्या संगणकीय साधनावर आखले गेले. बाकू शहरी झाहा हदीद ह्यांनी आखलेले २०१२ चे हैदर अलियेव केंद्र तर जमिनीवरून उचललेल्या चादरीसारखे दिसते. दोहोंचे सौंदर्य आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या चादरीच्या आत पोलादाचा प्रचंड सांगाडा आहे, आणि भार वाहतो तो सांगाडा. बाहेरचा आकार नुसता अंगावर पांघरलेला. ताणलेल्या दोरीने निदान दगडास तो धारण करणे भाग पाडले होते. येथे आकार आणि भार ह्यांची गाठभेटच होत नाही. ऐपत असेल तेथे हे खुशाल व्हावे. मात्र ह्या भूमितीचे काम डोळ्यांसाठी आहे, हे ओळखून असावे.

न्याय्य बोलावयाचे तर, आकाराने नेहमी भारच वाहिला पाहिजे असेही नाही. कधी तो अर्थ वाहतो. पुण्यास ‘आयुका’ ह्या खगोलविज्ञानाच्या संस्थेची इमारत चार्ल्स कोरिया ह्यांनी आखली. तेथे त्रिकोणातून त्रिकोण वगळीत जाणारी सिअरपिन्स्कीची आकृती आहे आणि मध्यभागी कुंड आहे. तेथील भूमिती जाणत्याशी बोलते. आणि सिडनीच्या संगीतिकागृहाची हकीकत ह्याहून बोधप्रद आहे. योर्न उत्झन ह्याची शिडांसारखी छपरे १९५७ साली निवडली गेली. पण ती बांधावीत कशी, हे कित्येक वर्षे कोणास उमगेना. अखेर ती सगळी सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाचे तुकडे मानावीत अशी युक्ती निघाली, तेव्हा काम मार्गी लागले, आणि १९७३ साली इमारत खुली झाली. म्हणजे कल्पनेने मोकाट सोडलेल्या आकारास अखेर शिस्तीच्या दोरीनेच बांधावे लागले.

आता कोपरगाव. गोदावरीकाठच्या, उसाच्या ह्या तालुक्यात श्री शारदा इंग्लिश मीडियम स्कूल ह्या शाळेसाठी २०१८ साली माया सोमय्या ग्रंथालय बांधून झाले. आखणी मुंबईचे वास्तुविशारद समीप पडोरा व त्यांचे सहकारी ह्यांची. जागा मिळाली ती शाळेची इमारत आणि कुंपणाची भिंत ह्यांच्यामध्ये उरलेली एक लांबट, चिंचोळी पट्टी. अशा पट्टीत सामान्यतः एक आगगाडीच्या डब्यासारखी खोली होते, आणि पुस्तके जाळीच्या कपाटांत कुलूपबंद होतात. येथे त्यांनी मुलांस ग्रंथालयात यावेसे वाटले पाहिजे ही गोष्ट आधी धरली. छप्पर जमिनीतून उगवल्यासारखे वर येते, टेकडीसारखे फुगते, आणि पुन्हा जमिनीस मिळते. त्याच्या पोटात पुस्तके आणि वाचणारी मुले; त्याच्या पाठीवर खेळणारी मुले. गवताच्या टेकाडावर चढावे तशी ती त्यावर चढून जातात.

हे छप्पर पातळ विटांच्या फरशांच्या थरांचे आहे. कातालोनियातील त्याच जुन्या विद्येचे. त्याचा आकार ज्या साधनाने शोधला ते संगणकीय साधन झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी रचलेले. त्याचे नाव ऱ्हायनोव्हॉल्ट. हे साधन आकार काढीत नाही. ते दोऱ्या टांगते. नकाशावर रेषांचे जाळे मांडावे, टेकू कोठे ते सांगावे, आणि मग ते जाळे आपल्या भाराने तोलास येऊन जो आकार घेते तो उलटा करून दाखवावा, असे त्याचे कार्य. गौदीला ज्या कामास दहा वर्षे लागली ते येथे पाहता पाहता होते. ह्याच झुरिक शहरी कार्ल कुलमन ह्याने १८६६ साली, बलांचा हिशेब आकडेमोडीऐवजी रेषा काढून करण्याची आलेखी पद्धत पुस्तकरूपाने मांडली होती. आजचे हे साधन तिचेच वंशज होय. तेव्हा संगणक हा काही सैल दोरीचा शत्रू नव्हे. त्यास काय विचारावे, एवढाच प्रश्न आहे. ‘मला हा आकार हवा, तो उभा करून दे’ असे सांगणे निराळे, आणि ‘हा भार कोणत्या वाटेने जाऊ इच्छितो?’ असे विचारणे निराळे.

ही सारी कथा आम्ही आमच्या ओळखीच्या एका गवंड्यास मोठ्या हौसेने सांगितली. चाळीस वर्षे ओळंबा धरलेला मनुष्य, त्याने छायाचित्रे शांतपणे पाहिली, कामाची तारीफ केली, आणि मग म्हणाला, “सर, छत झ्याक हाये. पण पोराचं लगीन झाल्यावर वरचा मजला कुठं चढवायचा?” आम्ही म्हणालो, “मिस्त्री, ही शाळा आहे. येथे मजला चढवावयाचा नाही.” तो हसला. “शाळंचं ठीक हाये सर, शाळंला पोरं सरकार धाडतं. आमच्या घरी आम्हालाच सोय करावी लागती.”

ह्या उत्तरात मोठा अर्थ भरला आहे. आमच्या जिल्ह्यात कोणत्याही रस्त्याने जावे, घरांच्या सपाट स्लॅबवर लोखंडी सळया आकाशाकडे टोके करून उभ्या असतात. शहरी दृष्टीस त्या विद्रूप दिसतात. पण ती कुटुंबाची आशा आहे. उसाचे बिल यावे, मुलाने मिळवते व्हावे, आणि त्या सळयांवर पुढचा मजला चढावा. जुन्या माळवदाची गोष्टही निराळी नव्हती. त्यावर धान्य वाळे, उन्हाळ्यात घरची माणसे निजत, पापड-कुरडया होत. सपाट छप्पर ही आमच्या लोकांची केवळ सवय नसून तो त्यांच्या संसाराचा हिशेब आहे. ज्या भूमितीस हा हिशेब कळत नाही, तिची उलटी साखळी कितीही निर्दोष असली तरी ती नियतकालिकांच्या गुळगुळीत पानांवरच राहील.

तथापि गवंड्याचा आक्षेप जेथे लागू पडत नाही अशा इमारती आमच्याकडे थोड्या नाहीत. शाळेचे वाचनालय, व्यायामशाळा, गावचा सभामंडप, बाजारतळावरील ओटे, एस.टी.चा थांबा, ह्यांपैकी कशावरही कोणाच्या मुलाचा मजला चढावयाचा नसतो. तरीही त्या सर्वांवर तोच स्लॅब, नाहीतर पत्रा. स्लॅबचे गणित पाहावे. भाराने तो वाकू पाहतो. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. खालच्या बाजूचे काँक्रीट ताण सोसत नाही, म्हणून तेथे सळई घालावी लागते. म्हणजे तेथील काँक्रीट बहुतांशी सळई झाकण्याच्या आणि स्वतःचेच ओझे वाढविण्याच्या कामी येते. पाणी मुरले की सळई गंजते, फुगते, आणि पोपडे गळू लागतात. उलट्या साखळीच्या छपरात मुळी सर्व भाग दाबातच असतो, म्हणून पातळपणा परवडतो. जगात जेवढा कर्बवायू मनुष्याच्या उद्योगाने हवेत जातो त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटपायी जातो, हे लक्षात घेतले म्हणजे आकाराने वाचविलेला प्रत्येक इंच ही चैन नव्हे, असे दिसून येईल. असे छप्पर स्वस्तच पडेल अशी हमी आम्ही देत नाही. त्याचे पाय बाहेर पसरू पाहतात, त्यांस आवरणारा पाया लागतो. आणि कुशल हातास दाम द्यावे लागते. परंतु तो पैसा सिमेंटच्या गोणीऐवजी गवंड्याच्या हाती जातो, आणि त्या हातात विद्या मागे ठेवून जातो. दुष्काळी जिल्ह्यास हा फरक क्षुल्लक नाही.

अशी नवी रीत आमच्या लोकांस पचणार नाही, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर डोंगरउतारांवर खोदलेले आहे. राळेगणसिद्धी व हिवरे बाजार ह्या आमच्या जिल्ह्यातील गावांनी पाणी अडविण्यासाठी जे समपातळी चर खोदले, त्यांची रेषा कोणी पट्टी ठेवून आखलेली नाही. जेथे जेथे उंची समान, तेथून ती गेली. डोंगर वळला तेथे ती वळली. सरळ रेषेचा हट्ट धरला असता तर पाणी एका टोकास धावून चर फुटला असता. निसर्गाची वाट आधी विचारून मग कुदळ मारावी, हे सैल दोरीचेच तत्त्व. आणि ते कोणत्याही विद्यापीठात न गेलेल्या शेकडो शेतकऱ्यांनी हाताने अमलात आणले. १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी सहकारी साखर कारखान्याचा प्रयोग ज्या जिल्ह्याने केला, त्यास एखाद्या वाचनालयाच्या छपराचा प्रयोग भारी पडू नये.

प्रयोगशील वास्तुकलेतील भूमितीविषयी आमचे म्हणणे ते एवढेच. आकार विचित्र आहे की सुबक, हा प्रश्न दुय्यम. तो भाराचे ऐकतो की नाही, आणि त्याच्याखाली वावरणाऱ्यांचे ऐकतो की नाही, हे दोन प्रश्न मुख्य. बाकूची चादर पहिल्या प्रश्नास उत्तर देत नाही. आमच्या गवंड्याच्या घरी उलटी साखळी दुसऱ्यास देऊ शकणार नाही. कोपरगावचे छप्पर दोहोंस उत्तर देते, म्हणून ते लहान असूनही आम्हांस मोठे वाटते.

त्या छपरावरून मुले धावतात तेव्हा त्यांच्या पायांखाली साखळीच साखळी पसरलेली असते. खेळताना ती त्यांस दिसण्याचे कारण नाही. परंतु तासाची घंटा झाल्यावर ती त्यांस दाखविणे हे ज्याचे काम, तो गणिताचा मास्तर पुस्तकातील आकृती फळ्यावर उतरवीत बसला, तर जिल्ह्यातले पुढचे छप्पर पुन्हा सपाटच होणार, आणि तसे का झाले हे कोणासही सांगता येणार नाही. म्हणून आमच्या व्यवसायबंधूंस आमची विनंती आहे, की वर्षातून एक दिवस तरी खडू बाजूस ठेवावा, आणि हातभर साखळी खिशात घालून वर्गात जावे.